ऐरोलीत २८ हजारांची नोकरी करत ऑनलाइन अप्लाइड मॅथ्सची एमएस्सी केली, तर पैसे वसूल होतात का?

तुम्ही लिहिलंय की बीएस्सी मॅथ्स झालंय, ऐरोलीत बॅक ऑफिसला महिना २८ हजार मिळतात आणि ऑनलाइन एमएस्सीची दोन वर्षांची फी १ लाख ८० हजार आहे. मी हेच केलंय, कळव्यात राहून, ऐरोलीतच नोकरी करून. पैसे वसूल होतात, पण तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा फार उशिरा.

माझा हिशोब सांगते. फी १,६०,०००. कॅमेऱ्यासमोरच्या परीक्षेला जुना लॅपटॉप चालेना, नवा घेतला, ४६,०००. इथवर सगळेच धरतात. पण मी संध्याकाळी घरी दहावीच्या मुलांची शिकवणी घ्यायचे, महिन्याला सहा हजार सुटायचे. पहिल्याच सेमिस्टरला ती बंद केली. साडेसातला घरी येऊन लेक्चर ऐकायचं की पोरांना त्रिकोणमिती शिकवायची? २४ महिन्यांचे १,४४,००० बुडाले. सगळे मिळून साडेतीन लाख, म्हणजे फी त्यातला निम्मा भागसुद्धा नाही.

'गाडीत अभ्यास होतो' असं कोणी सांगितलं तर त्याला ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर सकाळी उभं करा. शिवाय ठाण्यानंतर ऐरोली दुसऱ्याच नंबरचं स्टेशन. मार्कोव्ह चेनची व्याख्या वाचून होईतो उतरायची वेळ येते. आणि घरून परीक्षा म्हणजे आराम, असंही समजू नका. न्यूमेरिकल ॲनालिसिसच्या पेपरात आईच्या कुकरने तीन शिट्ट्या दिल्या आणि स्क्रीनवर मेसेज आला, खोलीत दुसरं कोणी आहे का? लॅपटॉप उचलून अख्खी खोली दाखवली, कपाट उघडून आतसुद्धा. सात मिनिटं गेली.

आता कमाई. डिग्री आली, एचआरने सर्टिफिकेट फाइलला लावलं, अभिनंदनाचा मेल पाठवला, पगार तोच. आठ महिन्यांनी कंपनीतच फोरकास्टिंगच्या (पुढचे आकडे अंदाजाने काढणाऱ्या) टीममध्ये जागा निघाली, तिथे गेले. हातात ३४ हजार येत होते त्याचे ४५ झाले. साडेतीन लाख भागिले अकरा हजार, म्हणजे ३२ महिने. बरं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. मग कळलं की त्याच महिन्यात एक बीकॉम झालेला मुलगा घरी बसून एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि पायथन प्रोग्रॅमिंग शिकून त्याच पगारावर त्याच टीममध्ये आला. मुलाखतीत आम्हा दोघांना एसक्यूएलचेच प्रश्न. तेव्हा ते अकरा हजार सगळे डिग्रीच्या नावावर मांडता येत नाहीत. मी निम्मे मांडते, आणि हे निम्मे सुद्धा अंदाजानेच. पुढे टाइम सिरीजमध्ये, म्हणजे काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांच्या कामात, मला जे पटकन कळतं ते त्या मुलाला शोधावं लागतं, त्याचे हे निम्मे. साडेपाच हजारांनी ६४ महिने होतात. बँकेचं बुडालेलं व्याज मी धरतच नाही, रडू येईल.

जाहिरातीत 'गणितज्ञांचा पगार लाख डॉलरच्या वर' असं वाचलंत, म्हणून विचारलंय ना? तो आकडा खोटा नाही. अमेरिकी सरकारच्या आकडेवारीत मे २०२४ मध्ये गणितज्ञांचा मध्यम पगार वर्षाला १,२१,६८० डॉलर आहे. पण अख्ख्या अमेरिकेत त्या नावाच्या नोकऱ्या अडीच हजारही नाहीत, आणि त्यातली एकही ऐरोलीत नाही.

कॉलेजात शिकवायचं असेल तर मात्र गणित बदलतं. तिथे साधारण ५५ टक्क्यांची एमएस्सी लागतेच, आणि वर नेट, सेट किंवा पीएचडी. (सुरुवात बहुतेक तासिका तत्त्वावर होते, तेही धरून चाला.) विमा कंपनीत ॲक्च्युअरी, म्हणजे जोखमीचा गणिती हिशोब करणारा तज्ज्ञ, व्हायचं असेल तर एमएस्सीवर पैसे घालूच नका. तिथे ॲक्च्युअरीच्या परीक्षा एकेक पेपर करून देतात, फीही तशीच पेपरामागे भरायची.

तरी करायचीच असेल, तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत नुसतं विद्यापीठ नाही, तो अभ्यासक्रमही आहे का ते बघा. मान्यता असेल तर ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. फीच्या पावतीवर १८ टक्के जीएसटी दिसला, तर ती बहुधा पदवी नाही, सर्टिफिकेट कोर्स आहे. आणि पैसे भरण्याआधी एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर) प्रोबॅबिलिटीचा १२ आठवड्यांचा एखादा कोर्स करा. शिकणं फुकट, परीक्षेचे हजार रुपये. पाचव्या आठवड्यानंतरही रात्री दहाला असाइनमेंट उघडत असाल, तर पुढची दोन वर्षं निभतील.

तुमच्या प्रश्नात एक आकडा नाही. महिन्याला ओव्हरटाइमचे किंवा नाइट अलाउन्सचे किती मिळतात, आणि अभ्यासासाठी त्यातले किती सोडावे लागतील? तेवढं लिहा, मग तुमचे महिने काढून देते.