धरणं भरलेली असूनही आमच्या गावात लाईट का जाते? वीज घरापर्यंत येते तरी कशी?

तुमचा प्रश्न असा आहे की कोयना भरलेली आहे, राज्यात एवढी वीज केंद्रं आहेत, तरी गावात दोन दिवसाआड लाईट का जाते. मी 33/11 केव्ही उपकेंद्रात (म्हणजे 33 हजार व्होल्टची वीज 11 हजारांवर उतरवतात तिथे) यंत्रचालक म्हणून नोकरी केली आहे. हाच प्रश्न फोनवर खूपदा ऐकलाय, आणि विचारणाऱ्याचा राग मला कधीच चुकीचा वाटला नाही. पण कोयनेतल्या पाण्याचा आणि तुमची लाईट जाण्याचा संबंध फार थोडा असतो. दोष बहुतेक वेळा तुमच्या घरापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आतच सापडतो.

आधी निर्मितीचं सांगतो. वीज ज्या क्षणी वापरली जाते त्याच क्षणी ती कुठेतरी तयार व्हावी लागते. मागणी आणि निर्मितीचा मेळ बसतोय की नाही हे फ्रिक्वेन्सीवरून कळतं, म्हणजे तारेतला प्रवाह सेकंदाला किती वेळा उलटसुलट होतो त्यावरून. ती 50 हर्ट्झच्या आसपास राहिली पाहिजे. मागणी वाढली की खाली येते, घटली की वर जाते. 5 एप्रिल 2020 ला रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटं दिवे बंद केले होते, आठवतं? तेव्हा देशाची मागणी काही मिनिटांत 31 हजार मेगावॅटहून जास्तने कमी झाली आणि लगेच परत चढली. ते सांभाळलं प्रामुख्याने जलविद्युत केंद्रांनी, कारण पाण्यावरचं जनित्र काही मिनिटांत कमी-जास्त करता येतं. चंद्रपूरसारख्या कोळशाच्या केंद्रात थंड पडलेला बॉयलर पुन्हा तापवायला कित्येक तास जातात.

म्हणूनच 1960 मेगावॅटची कोयना दिवसभर पूर्ण क्षमतेने चालवत नाहीत, सकाळ-संध्याकाळच्या जादा मागणीला वापरतात. शिवाय सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहाकडे, म्हणजे पश्चिमेला, वर्षाला किती पाणी वळवायचं यावर कृष्णा पाणी तंटा लवादाने 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. धरण भरलं म्हणून हवी तेवढी वीज काढता येत नाही.

आता पारेषण, म्हणजे वीज लांबवर वाहून नेणं. 500 मेगावॅटचा संच साधारण 21 केव्हीला वीज तयार करतो. ढोबळ हिशेब केला तर दर फेजला, म्हणजे तीनपैकी प्रत्येक तारेत, जवळजवळ 14 हजार अँपिअर होतात. एवढा करंट विदर्भातून शेकडो किलोमीटर न्यायला कुठलीही तार पुरणार नाही. तेच 400 केव्हीला चढवलं की करंट 720 अँपिअरवर येतो. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तीच तार धरली तर नुकसान साधारण 360 पट कमी होतं. माळरानावर दिसणारे उंच मनोरे एवढ्यासाठी आहेत. चंद्रपूर ते पडघे ही 500 केव्हीची, साडेसातशे किलोमीटरची वाहिनी तर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची, आहे. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर ही 765 केव्ही वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड (वीजवाहिन्यांचं जाळं) उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. तेव्हापासून सगळा देश एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतो. तुमच्या घरातला दिवा कोयनेच्या विजेवर लागलाय की चंद्रपूरच्या, हे कुणालाच सांगता येणार नाही.

पुढे 220, 132, 33 केव्ही असं उतरत वीज आमच्यासारख्या उपकेंद्रात येते आणि तिथून 11 केव्हीच्या फीडरवर, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या लाईनवर, सुटते. तुमचं दुखणं इथून सुरू होतं. 11 केव्हीची लाईन शेतांतून, बांधांवरून, बाभळी-निलगिरीच्या फांद्यांखालून जाते. वारा सुटला, फांदी टेकली, तार पेलणाऱ्या चिनी मातीच्या पिन इन्सुलेटरला तडा गेला की उपकेंद्रातला ब्रेकर ट्रिप होतो, म्हणजे लाईन आपोआप बंद करतो. यंत्रचालक थोडं थांबून लाईन एकदा पुन्हा चालू करून बघतो. टिकला तर ठीक. नाही टिकला तर लाईनमन पेट्रोलिंगला निघतो. पावसात, अंधारात, चिखलातून एकेक पोल बघत. दोष सापडला की तो उपकेंद्रातून परमिट (लाईन बंद ठेवल्याची लेखी हमी) घेतो आणि वर चढतो. ते परमिट परत येईपर्यंत यंत्रचालकाने ब्रेकरला हात लावायचा नसतो, मग सरपंचांचा फोन येवो नाही तर आमदारांचा. “नुसतं बटण दाबायला काय जातंय” असं लोक म्हणतात तेव्हा पोलवर माणूस असतो. हे मला कळकळीने सांगायचंय.

दुसरं ठिकाण म्हणजे डीपी, गावातला ट्रान्सफॉर्मर. 100 केव्हीएच्या डीपीवर 5 एचपीचे अठरा-वीस पंप लागले की ती भरली. प्रत्यक्षात त्यावर चोरीचे आकडेही असतात. व्होल्टेज पडतं, पडलेल्या व्होल्टेजला मोटर जास्त करंट ओढते, आणि शेवटी मोटर तरी जळते नाही तर डीपी. त्यात वीज आली की पंप आपोआप सुरू करणारे सगळ्यांचे ऑटोस्विच चालू. गेलेली लाईट आली की सगळे पंप एकदमच उचलतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. डीपीचा फ्यूज तिथेच जातो. गावाने ठरवून ऑटोस्विच काढले आणि प्रत्येक पंपाला लाईनवरचा करंट कमी करणारा कपॅसिटर बसवला (5 एचपीला साधारण 2 केव्हीएआर) तर याच डीपीवर पुष्कळ फरक पडतो. आमच्या फीडरवरच्या एका वस्तीने हे केलं, आणि त्या हंगामात त्यांची डीपी एकदाही जळाली नाही.

अर्थात सगळा भार ग्राहकावर टाकणं बरोबर नाही. जुन्या तारा, पावसाळ्याआधी न तोडलेल्या फांद्या आणि एका लाईनमनकडे चार-पाच गावं, हे वितरणाचं अपयश आहे आणि त्याबद्दल तुम्ही भांडलंच पाहिजे. जळालेली डीपी किती वेळात बदलावी याची मुदत वीज नियामक आयोगाने ठरवून दिलेली आहे. ती चुकली तर भरपाई मागता येते. त्यासाठी तक्रार तोंडी ठेवू नका. 1912 वर नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

फोन करण्याआधी एवढं बघून ठेवा: फक्त तुमच्या घरची गेली आहे, एका फेजवरच्या घरांची गेली आहे, की शेजारच्या गावातही अंधार आहे? फक्त तुमची असेल तर मीटर किंवा सर्व्हिस वायर, काही घरांची असेल तर डीपीचा एक फ्यूज, सगळ्यांची असेल तर फीडर. ही माहिती दिलीत तर लाईनमनचा शोधण्यातला निम्मा वेळ वाचतो. आणि डीपीचा फ्यूज स्वतः टाकायला जाऊ नका, गावात “जमतं” म्हणणारा कुणी असला तरी त्यालाही जाऊ देऊ नका.