पिट्युटरी ग्रंथीची गाठ कवटी न उघडता नाकावाटे काढता येते का? पुण्यात ही सोय आहे का?

होय, पिट्युटरीच्या बहुतेक गाठी नाकावाटे दुर्बिणीने काढता येतात आणि पुण्यातील मोठ्या रुग्णालयांत न्यूरोसर्जन व कान-नाक-घसा तज्ज्ञ मिळून ही शस्त्रक्रिया करतात. ही ग्रंथी कवटीच्या तळाशी, नाकामागच्या स्फेनॉइड पोकळीच्या लगेच वर असल्यामुळे तिथे पोहोचताना मेंदू बाजूला सारावा लागत नाही. मात्र मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळण्याचा धोका राहतो, म्हणून गरजेनुसार ते छिद्र चरबीने किंवा नाकाच्याच अस्तराने बुजवतात. गाठ मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या पलीकडे पसरली असेल, तर कवटी उघडावी लागू शकते. प्रोलॅक्टिन (दूध निर्मितीशी संबंधित संप्रेरक) तयार करणारी गाठ बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते, त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी रक्ततपासणी करून एंडोक्रायनॉलॉजिस्टचे (संप्रेरकतज्ज्ञाचे) मत अवश्य घ्यावे.