हाक मारली तरी कुत्र्याचं पिल्लू येत नाही? इथून सुरुवात करा

घरात धावत येणारं पिल्लू बाहेर ढुंकूनही बघत नाही, म्हणून ते हट्टी ठरत नाही. बाहेरचे वास त्याला तुमच्या हाकेपेक्षा भारी वाटतात, एवढंच. सरावाने हे नक्की बदलतं.

आधी घरात, मग अंगणात, मग शांत मैदानात. एक पायरी पक्की झाली की पुढची. बाहेर ५ ते १० मीटरची लांब दोरी हवीच, पण ती हार्नेसला (छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्याला) लावा. गळ्यातल्या पट्ट्याला लावली तर एवढ्याशा मानेला हिसका बसतो.

हाक एकदाच, आनंदी आवाजात. आलं की त्याच क्षणी आवडत्या खाऊचा वाटाण्याएवढा तुकडा. पिल्लांना वरून झेपावणाऱ्या हाताची भीती वाटते. शेवटच्या दोन पावलांवर ती थबकतात ती बऱ्याचदा यामुळेच. म्हणून खाली बसा, जरा तिरके. खाऊ पायाशी धरा आणि ते खात असताना दुसऱ्या हाताने छातीकडून हार्नेस हळूच पकडा.

नवीन लोक हमखास करतात त्या चुका:
- हाकांचा सपाटा लावणं.
- उशिरा आलं म्हणून रागावणं. हे तर कधीच नको!
- फक्त घरी न्यायच्या वेळी बोलावणं. बोलवा, खाऊ द्या, परत खेळायला सोडा.
- त्याच्या मागे धावणं. उलट दिशेने पळा, तेच तुमच्या मागे येईल.

शिट्टी, लांबचं अंतर, समोर दुसरी कुत्री असताना बोलावणं, हे सगळं नंतर. दोरी काढायची घाई मात्र करू नका.