नागपुरात क्लीनरूमशिवाय (धूळमुक्त प्रयोगशाळेशिवाय) मोलिब्डेनम डायसल्फाइडचा, म्हणजे मोलिब्डेनम आणि गंधकाच्या थराथरांनी बनलेल्या स्फटिकाचा, एकच थर काढता येईल का? आणि तो एकच आहे हे कळणार कसं?

हो, येतो. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विचारताय, तर भट्टीच्या नादी लागू नका. मोलिब्डेनम ट्रायऑक्साइड आणि गंधक तापवून वाढवलेले त्रिकोणी स्फटिक देखणे असतात, पण तापमान, आर्गॉनचा प्रवाह आणि गंधकाची वाफ यांचा मेळ बसेपर्यंत तुमचं वर्ष निघून जाईल. चिकटपट्टीनेच सुरुवात करा: पट्टीने स्फटिकाचे थर सोलायचे आणि ती पट्टी वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, दाबायची. 2004 मध्ये मँचेस्टरला ग्राफीनही (कार्बनचा एका अणूइतका जाड थर) असंच सोलून काढलं होतं.

सिलिकॉन वेफरवर 300 नॅनोमीटर जाड ऑक्साइडचा थर हवा. ऑक्साइडची जाडी भलतीच असली तर एकेरी थर सूक्ष्मदर्शकाखाली नजरेलाच पडत नाही. पट्टी अगदी सावकाश सोला. मे महिन्यात आपल्याकडे गोंद मऊ पडून वेफरवर चिकटून राहतो, तेव्हा एसीच्या खोलीत बसा.

खरी परीक्षा पुढे आहे. जांभळट वेफरवर फिकट तुकडा दिसला की आनंद होतो, पण नुसत्या रंगावर विश्वास ठेवू नका. रामन वर्णपट घ्या, म्हणजे तुकड्यावर लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशातून अणूंची कंपनं मोजा. 384 आणि 403 cm⁻¹ च्या आसपास दोन शिखरं दिसतील. थर वाढले की पहिलं खाली सरकतं, दुसरं वर, म्हणून दोघांमधलं अंतर मोजायचं: एका थराला साधारण 18-19, जाड तुकड्याला 25 च्या घरात. त्याच वर्णपटात सिलिकॉनचं शिखर 520 च्या किंचित वर आलंय ना, हे आधी बघा. लेझर मंद ठेवा, नाहीतर थर जळतो.

शिवाय प्रकाशदीप्ती (फोटोल्युमिनेसन्स, म्हणजे लेझर पडल्यावर पदार्थाने स्वतः दिलेला प्रकाश) तपासा. जाड स्फटिक जेमतेम चमकतो, एकेरी थर मात्र 670 नॅनोमीटरजवळ झळकतो, कारण त्याचा बँडगॅप (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्यांमधलं अंतर) थेट होतो, म्हणजे इलेक्ट्रॉन खाली येताना सहज प्रकाश देतो. 2010 मध्ये हे दिसलं आणि या पदार्थाकडे बघण्याची दृष्टीच बदलली. मला आजही हा वर्णपट बघताना तितकंच छान वाटतं. एएफएमवर (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) थराची उंची 0.65 नॅनोमीटर यायला हवी, पण खाली ओलावा अडकला की जास्त येते. पावसाळ्यात तर त्या एका आकड्यावर निकाल देऊच नका.

यंत्रं जवळपास नसतील तर आधी विद्यापीठात आणि व्हीएनआयटी या नागपूरच्या अभियांत्रिकी संस्थेत चौकशी करा, मग देशभरातली संशोधन-यंत्रं कुठे आहेत ते दाखवणारं आय-स्टेम पोर्टल बघा. नमुना बाहेर पाठवण्याआधी वेफरच्या कोपऱ्यावर खुणेचा ओरखडा काढा आणि सूक्ष्मदर्शकाच्या कमी मॅग्निफिकेशनपासून जास्त मॅग्निफिकेशनपर्यंत तुकड्याचे फोटो घ्या. नाहीतर पाच मायक्रॉनचा तुकडा परक्या यंत्रावर शोधण्यातच तुमचा तास संपतो, आणि पैसे तासाचेच लागतात.