एअरबॅगचा न विझणारा दिवा आणि न उघडलेली एअरबॅग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सात आसनी कौटुंबिक गाड्यांतील एअरबॅगविषयी इंदूर आणि परिसरातील वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न (लोकमान्यनगर) : आमची सात आसनी गाडी तीन वर्षांची आहे. दिवाळीत नाशिकला जाऊन आल्यापासून एअरबॅगचा दिवा अधूनमधून पेटून राहतो. सर्व्हिस सेंटरने दोनदा स्कॅनर लावून तो घालवला, पण आठवडाभरात पुन्हा पेटला. हॉर्नही कधी वाजतो, कधी नाही. बाकी गाडी उत्तम चालते. अशीच वापरत राहावी का?

उत्तर : दुरुस्ती होईपर्यंत ही गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चावी फिरवल्यावर हा दिवा काही सेकंद पेटतो आणि विझतो, ती यंत्रणेने स्वतःची केलेली तपासणी असते. तो विझला नाही किंवा चालत्या गाडीत पुन्हा पेटला, तर एअरबॅग केव्हा उघडायची हे ठरवणाऱ्या कंट्रोल युनिटला कोठेतरी दोष सापडला आहे, असा त्याचा अर्थ होतो. अशा स्थितीत धडक बसली तर एक एअरबॅग, आणि काही गाड्यांत सगळ्याच एअरबॅग, न उघडण्याची शक्यता असते. सीटबेल्टला धडकेच्या क्षणी आवळून घेणारा प्रीटेन्शनरही याच यंत्रणेचा भाग असल्याने तोही काम करील याची खात्री उरत नाही.

हॉर्नचा उल्लेख आपण केलात हे फार चांगले झाले, कारण दोषाचे ठिकाण त्यावरून बरेचसे कळते. स्टीअरिंग दोन्हीकडे फिरत असताना हॉर्नची आणि चालकाच्या एअरबॅगची जोडणी तुटू नये म्हणून त्यांच्या तारा एका गुंडाळलेल्या चपट्या पट्टीतून नेलेल्या असतात; मेकॅनिक तिला क्लॉक स्प्रिंग किंवा स्पायरल केबल म्हणतात. ही पट्टी झिजली अथवा चिरली की हॉर्न, स्टीअरिंगवरील बटणे आणि एअरबॅगचा दिवा यांच्या तक्रारी बहुधा एकत्रच सुरू होतात. उभ्या गाडीत स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवीत हॉर्न दाबून पाहावा. ठरावीक जागी तो बंद पडत असेल, तर ते सर्व्हिस सेंटरच्या माणसाला समक्ष दाखवावे. दुसरी संशयाची जागा म्हणजे पुढच्या सीटखालची जोडणी. सामान सीटखाली कोंबले, किंवा गाडी आतून धुताना तेथे पाणी गेले, तर तो जोड सैल होतो किंवा गंजतो. मात्र पिवळ्या वेष्टनातील तारांना किंवा जोडांना घरी हात लावू नये, आणि बाहेरच्या इलेक्ट्रिशियनला टेस्ट लॅम्प लावू देऊ नये. चुकीच्या जागी वीज गेल्यास एअरबॅग तेथल्या तेथे फुटून गंभीर इजा होऊ शकते.

स्कॅनरने नोंद पुसणे ही दुरुस्ती नव्हे. पुढच्या वेळी जॉब कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : स्कॅनरने दाखवलेला दोषाचा कोड, त्यावर केलेले काम आणि बदललेला भाग. "एअरबॅग लाईट चेक केली, ओके" एवढ्याच नोंदीवर सही करू नये. वॉरंटी चालू असताना केलेली लेखी तक्रार ही वॉरंटी संपल्यानंतरही आपला आधार असते. तोंडी सांगितलेले कोणाच्याही लक्षात राहत नाही.

प्रश्न (राऊ) : बायपासवर रात्री पुढची ट्रॉली अचानक थांबली आणि आमची गाडी तिच्या मागून आत घुसली. बॉनेट पूर्ण चेपले, काच फुटली, पत्नीच्या बरगड्यांना मार लागला. पण एकही एअरबॅग उघडली नाही. कंपनी म्हणते, धडक पुरेशी नव्हती. हे खरे मानावे का?

उत्तर : आपल्या पत्नीला लवकर बरे वाटो. कंपनीचे म्हणणे खरे असू शकते, परंतु ते सिद्ध करून मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

पुढच्या एअरबॅग पत्रा किती चेपला हे पाहून उघडत नाहीत. गाडीचा वेग किती झपाट्याने घटला, हे सेन्सर मोजतो आणि कंट्रोल युनिट सेकंदाच्या काही शतांश भागात निर्णय घेते. भिंतीसारख्या अचल वस्तूवर समोरून धडक बसली, तर ताशी साधारण 15 ते 25 किलोमीटरच्या आसपास एअरबॅग उघडण्याची मर्यादा येते. मॉडेलप्रमाणे ती बदलते. मागून बसलेल्या धडकेत किंवा गाडी उलटल्यास त्या सहसा उघडत नाहीत. ट्रकच्या किंवा ट्रॉलीच्या खाली शिरण्याचा प्रकार याहून निराळा आहे. तेथे गाडीचा बंपर आणि त्यामागचे मजबूत दांडे उंच चाकांमधल्या पोकळीतून जातात आणि मार बॉनेटला व काचेला बसतो. वेग हळू घटतो, त्यामुळे सेन्सरला धडक सौम्य भासते, आत बसलेल्यांसाठी मात्र ती अत्यंत घातक असते. आपल्या आग्रा-मुंबई रस्त्यावर मागे दिवे आणि संरक्षक दांडी नसलेल्या ट्रॉली रोज दिसतात, आणि सर्वांत सुसज्ज गाडीलाही त्यांच्यापुढे मर्यादा आहेत, हे मला फार चिंतेने सांगावेसे वाटते.

तरीही हे स्पष्टीकरण प्रत्येक वेळी ऐकून घ्यावे असे नाही. ह्युंदाईच्या क्रेटा गाडीविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये निकाल दिला. 2015 मध्ये घेतलेल्या त्या गाडीला 2017 मध्ये अपघात झाला, समोरचा भाग चेपला, पण एअरबॅग उघडल्या नव्हत्या. वेग आणि बल यांची गणिते मांडून धडकेचा जोर ठरवणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असण्याची अपेक्षा ग्राहकाकडून करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि गाडी बदलून देण्याचा व भरपाईचा आदेश कायम ठेवला.

आता आपण काय करावे? गाडी दुरुस्त झालेली नसेल तर आधी ती थांबवावी. समोरच्या भागाची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. त्यांत बंपर आणि बॉनेट यांच्या उंचीवरील नुकसान वेगवेगळे दिसले पाहिजे, कारण वादाचा गाभा तोच आहे. कंट्रोल युनिटमध्ये धडकेची माहिती साठते. ती आपल्या किंवा विमा सर्व्हेअरच्या समक्ष काढून तिची प्रत द्यावी, अशी लेखी मागणी कंपनीकडे करावी आणि तोवर ते युनिट बदलू देऊ नये. पोलिसांतील नोंद, रुग्णालयाचे कागद, अपघातापूर्वीची जॉब कार्डे एकत्र ठेवावीत. त्यांपैकी एखाद्यात एअरबॅगच्या दिव्याची तक्रार लिहिलेली असेल, तर आपली बाजू कितीतरी भक्कम होईल.

कंपनीने टाळाटाळ केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तेथे दावा लावता येतो, म्हणून कंपनीचे कार्यालय कोठेही असले तरी इंदूरमध्येच दाद मागता येईल. गाडीसाठी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर ते प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. मुदत दोन वर्षांची आहे. कंपनीशी पत्रव्यवहार करण्यात ती संपू देऊ नये. दोष तपासण्यासाठी वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकारही आयोगाला आहे, त्यामुळे गाडी भंगारात काढण्याची घाई नको.

प्रश्न (महू) : मी जानेवारी 2023 मधील एक व्हॅन जुन्या बाजारातून घेतली. तिला रिकॉल असल्यास मला कसे कळणार? मी तर दुसरा मालक आहे.

उत्तर : रिकॉल, म्हणजे दोष दूर करण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणे, हा गाडीला लागू असतो, मालक कितवा आहे याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि रिकॉलमधील भाग कंपनीने विनामूल्य बदलून द्यायचा असतो. अडचण एवढीच, की कंपनीचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. आरसी बुकातील चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून किंवा कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवून आजच खात्री करावी. आपण दिलेला महिना पाहता ही घाई आवश्यक आहे. 8 डिसेंबर 2022 ते 12 जानेवारी 2023 या काळात तयार झालेल्या 17,362 गाड्या मारुती सुझुकीने एअरबॅग कंट्रोलरच्या संशयित दोषामुळे परत बोलावल्या होत्या. त्यांत ईको ही व्हॅनही होती, आणि तो भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नये असे कंपनीनेच सांगितले होते. त्याआधी ऑक्टोबर 2022 मध्ये किआने 44,174 कॅरेन्स गाड्या एअरबॅग कंट्रोल मोड्यूलच्या सॉफ्टवेअरच्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या.

याहून जुनी गाडी घेणाऱ्यांनी टाकाता कंपनीच्या इन्फ्लेटरविषयी, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागाविषयी, अवश्य चौकशी करावी. त्यांतील अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणा यांमुळे वर्षानुवर्षे खराब होत जाते, आणि एअरबॅग उघडताना धातूचे कवच फुटून तुकडे अंगावर येतात. जगभर या कारणाने कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि 2017 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. अशी गाडी नीट चालते, तिचा दिवाही पेटत नाही. म्हणून चासी क्रमांकावरून केलेली चौकशी हाच मार्ग आहे.

भारतात 1 एप्रिल 2021 पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 110अ खाली सक्तीच्या रिकॉलची तरतूद अमलात आहे. ती सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू होते आणि ठरावीक प्रमाणात तक्रारी जमल्या की तिची प्रक्रिया सुरू होते. त्यामुळे आपल्या गाडीतील दोष सरकारच्या वाहन पोर्टलवर नोंदवणे हे इतर कुटुंबांसाठीही उपयोगाचे आहे.

प्रश्न (सुदामानगर) : गाडीला सहा एअरबॅग आहेत. तरी तिसऱ्या रांगेत आजी आणि पुढे आईच्या मांडीवर बाळ, असे बसणे सुरक्षित आहे ना? पुढे क्रॅश गार्डही (बंपरपुढची लोखंडी दांडी) लावले आहे.

उत्तर : नाही. मांडीवरचे बाळ पुढच्या सीटवर कधीही नसावे. उघडणारी एअरबॅग इतक्या वेगाने येते की तिच्या आणि आईच्या मध्ये सापडलेल्या बाळाचा जीव जाऊ शकतो. बाळासाठी मधल्या रांगेत चाइल्ड सीट बसवावी, आणि मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कदापि लावू नये. बाजूची पडदा एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचते की नाही, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. अनेक गाड्यांत ती पोहोचत नाही. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅपच्या समोरील धडकेच्या चाचणीत प्रौढांचे पुतळे पुढच्या आसनांवर असतात, म्हणून मिळालेले तारे आजींच्या जागेविषयी फारसे सांगत नाहीत. त्यांना मधल्या रांगेत बसवावे, आणि कोठेही बसल्या तरी सीटबेल्ट लावावा.

क्रॅश गार्ड काढून टाकावे. ते धडकेचा जोर सेन्सरपर्यंत पोहोचण्याच्या रीतीत बदल करते, आणि केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच ते मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध ठरवले आहे. सीटमध्ये बाजूची एअरबॅग असल्यास वरची जाड, शिवलेली सीटकव्हरे काढून एअरबॅग उघडताना उसवणारी शिवण असलेली कव्हरे घ्यावीत.