प्रबंधातलं प्रकरण साहित्य-संशोधनाच्या नियतकालिकाला जसंच्या तसं पाठवता येईल का?

पाठवता येतं, पण बहुधा परत येतं. प्रबंधातलं प्रकरण बारा-पंधरा हजार शब्दांचं असतं, तर नियतकालिकांना साधारण ६,००० ते ९,००० शब्द लागतात. नुसती काटछाट करून भागत नाही. प्रकरण आधीच्या प्रकरणांवर टेकलेलं असतं, लेखाला मात्र एकट्यानं उभं राहावं लागतं. म्हणून पूर्वसंशोधनाचा आढावा दोन-तीन परिच्छेदांत उरका, म्हणणं पहिल्या दोन पानांत मांडा आणि एक-दोन साहित्यकृतींचंच बारकाईनं वाचन ठेवा. पाच कादंबऱ्यांना धावता स्पर्श केलेला लेख परीक्षकांना पोकळ वाटतो, आणि ते खरंही असतं.

परीक्षण अनामिक असेल, म्हणजे लेखक कोण हे परीक्षकांना कळू द्यायचं नसेल, तर फाइलच्या गुणधर्मांतूनही नाव काढा. ‘माझ्या आधीच्या लेखात’ असली वाक्यं हमखास राहून जातात. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. कवितेचे लांब उतारे किंवा छायाचित्रं वापरणार असाल तर परवानगीचं काम लगेच सुरू करा, कारण ते बहुतेक वेळा लेखकाच्याच गळ्यात पडतं. उत्तराला काही महिने लागतात. ‘सुधारून पुन्हा पाठवा’ म्हणजे नकार नव्हे. प्रत्येक आक्षेपावर काय केलं, किंवा का केलं नाही, हे वेगळ्या पत्रात मुद्देसूद लिहा.