वस्त्ररूपकांची मोजणी सुरू करण्यापूर्वी

कापड-कपड्यांवरून घेतलेली रूपके संगणकाने मोजण्यासाठी तुम्ही 'लाल महालाचे स्वप्न' ही अठराव्या शतकातील चिनी कादंबरी निवडली आहे, ती निवड योग्यच आहे. लेखक त्साओ श्वेचिन यांच्या घराण्याकडे नानचिंग येथील शाही वस्त्रनिर्मितीचा कारभार होता, त्यामुळे कापडाची जाण तिच्यात मुरलेली दिसते. मात्र वस्त्रवाचक शब्दांची यादी करून थेट वारंवारता काढू नका. चिनी मजकुरात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते आणि आजच्या भाषेवर घडवलेली शब्दविभाजक साधने जुन्या गद्यात हमखास अडखळतात. म्हणून काही प्रकरणे हाताने विभागून साधनाची पारख आधी करा.

खरा पेच पुढे आहे. पहिल्याच प्रकरणात 'घागरे आणि केसांतले आकडे' असा जोडशब्द स्त्रियांसाठी येतो; ही लक्षणा आहे, म्हणजे वस्तूच्या नावाने ती वापरणाऱ्या व्यक्तीचा बोध; रूपक नव्हे, पण संगणक दोन्ही एकाच पारड्यात टाकतो. उलट ५२व्या प्रकरणात छिंगवेन ही आजारी दासी रात्री जागून मोरपिसांच्या धाग्याने विणलेला झगा रफू करते, तिथे वस्त्राचा प्रत्येक शब्द वाच्यार्थानेच आलेला आहे, तरी सारा प्रसंग ध्वनित अर्थाने भरलेला आहे. प्रत्येक वाक्यावर रूपक आहे की नाही अशी खूण करून असे काही हाती लागत नाही. त्यासाठी प्रसंग हेच एकक धरावे आणि दोन वाचकांनी स्वतंत्रपणे खुणा करून आपले मतभेद नोंदवावेत. (मतभेदांची ती वही बहुधा आलेखांपेक्षा बोलकी ठरते.)

पहिली ८० आणि नंतरची ४० प्रकरणे वेगवेगळी मोजा, कारण १७९१च्या छापील आवृत्तीतून पुढे आलेल्या उत्तरार्धाच्या कर्तृत्वाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.